शर्मिष्ठेतला फुटलेला तारा : कॅस-ए क्ष-किरणांत कसा बघायचा?

उत्तररात्र

शर्मिष्ठा तारकासमूहातल्या फुटलेल्या ताऱ्याचा अवशेष म्हणजे कॅसिओपिया-ए, थोडक्यात कॅस-ए. त्याचं ते रंगीत चित्र बहुतेकांनी पाहिलं असेल. काळ्या पार्श्वभूमीवर निळी बारीक किनार, आत हिरव्या-तांबड्या धाग्यांचा गुंता आणि मधोमध एक ठिपका. व्हॉट्सॲपवर ते 'ताऱ्याच्या मृत्यूचा फोटो' म्हणून फिरतं. चित्र सुंदर आहेच, पण त्याच्यामागे जे आहे ते मला चित्रापेक्षा जास्त मोलाचं वाटतं. त्यासाठी हा धागा.

त्याच्यामागे आहे एक यादी. नासाच्या चंद्रा या अवकाश-दुर्बिणीच्या सीसीडीवर (प्रकाश टिपणाऱ्या चिपवर) क्ष-किरणाचा एकेक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, येतो आणि त्याची एकेक ओळ लिहिली जाते : कुठे पडला, किती वाजता पडला, ऊर्जा किती होती. साध्या कॅमेऱ्याला हे जमत नाही, कारण दृश्य प्रकाशाचा एक फोटॉन सीसीडीत जेमतेम एक इलेक्ट्रॉन सुटा करतो, मग तो तांबडा असो की निळा. क्ष-किरणाचा फोटॉन शेकडो इलेक्ट्रॉन सुटे करतो. सिलिकॉनमध्ये साधारण ३.७ इलेक्ट्रॉनव्होल्टमागे एक, असा हिशेब आहे. त्यामुळे पाचशे इलेक्ट्रॉन मोजले गेले की आलेला फोटॉन साधारण १८५० इलेक्ट्रॉनव्होल्टचा होता हे लगेच कळतं. अट एकच : एका जागी एका वेळी एकच फोटॉन पडला पाहिजे. म्हणून चंद्रावरचा सीसीडी दर ३.२ सेकंदांनी वाचून रिकामा करतात.

१८५० हा आकडा मुद्दाम घेतला. बहुतेक इलेक्ट्रॉन गमावलेलं सिलिकॉन साधारण याच ऊर्जेला चमकतं. गंधक २४५० च्या आसपास, कॅल्शियम ३९०० च्या आसपास, तापलेलं लोखंड ६६०० च्या आसपास. यादीतून फक्त त्या ऊर्जेच्या ओळी वेगळ्या काढल्या की फुटलेल्या ताऱ्यातलं सिलिकॉन कुठे गेलं आणि लोखंड कुठे गेलं, याचे वेगवेगळे नकाशे हातात येतात. ११,००० प्रकाशवर्षांवरच्या ढगाचं रासायनिक पृथक्करण जागेनुसार करता येतं, आणि तेही घरच्या संगणकावर.

थोडी पार्श्वभूमी. शर्मिष्ठा आपल्याकडे पावसाळा संपल्यावर संध्याकाळी उत्तरेला इंग्रजी एमच्या आकारात दिसते. तिच्यातल्या या स्फोटाचा प्रकाश साधारण १६७०-८० च्या सुमारास पृथ्वीवर पोचला असणार. पण १५७२ मधला टायकोचा किंवा १६०४ मधला केप्लरचा तारा जसा सगळ्यांच्या डोळ्यांत भरला, तसा हा भरला नाही. इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ फ्लॅमस्टीडने १६८० मध्ये नोंदवलेला एक तारा हाच असावा असं काही जण म्हणतात, पण ते वादाचं आहे. मधल्या धुळीने बराच प्रकाश खाल्ला असावा. हा अवशेष सापडला तो १९४८ मध्ये, रेडिओ लहरींत. आणि १९९९ च्या ऑगस्टमध्ये चंद्रा दुर्बिणीने अधिकृत पहिलं चित्र घेतलं ते याचंच. त्यातच मधला ठिपका दिसला : स्फोटानंतर उरलेला न्यूट्रॉन तारा. एवढा अभ्यास झालेल्या अवशेषात तोवर तो कोणालाच सापडला नव्हता. सुब्रह्मण्यन चंद्रशेखरांच्या नावाच्या दुर्बिणीने पहिल्याच चित्रात ताऱ्याचं प्रेत शोधावं, याचा मला आजही आनंद होतो.

मूळ याद्या चंद्राच्या संग्रहातून कोणालाही फुकट उतरवून घेता येतात. उघडायला डीएस९ नावाचा प्रोग्राम लागतो, तोही फुकट. कोणाला हात घालायचा असेल तर कॅस-एचं निरीक्षण क्रमांक ११४ घ्या. २००० च्या जानेवारीतलं आहे, साधारण ५०,००० सेकंदांचं.

माळरान

लेख आवडला, वाचनखूण साठवली. एक शंका. म्हणजे ते रंग खोटेच ना? क्ष-किरण डोळ्यांना दिसतच नाहीत, मग निळं काय आणि तांबडं काय?

उत्तररात्र

माळरान, रंग माणसाने दिलेत हे खरं, पण मनाला येतील तसे दिलेले नाहीत. बहुतेक चित्रांत कमी ऊर्जेला तांबडा, मधल्या ऊर्जेला हिरवा, जास्त ऊर्जेला निळा असा क्रम ठेवतात. आपला डोळाही दृश्य प्रकाशात तेच करतो, कमी ऊर्जेच्या फोटॉनला तांबडं म्हणतो. कुठल्या पट्ट्याला कुठला रंग दिला ते चित्राखाली लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय अर्थ लावायला जाऊ नये. फॉरवर्ड होताना नेमकी तीच ओळ गळते.

त्या चित्रातली बाहेरची निळी किनार नीट पाहा. तिथे कुठल्याच मूलद्रव्याची रेषा (म्हणजे त्याची ठराविक ऊर्जेची चमक) जवळजवळ नसते. यादीतून ४२०० ते ६००० इलेक्ट्रॉनव्होल्ट एवढाच पट्टा घेतलात (या पट्ट्यात मोठी रेषा नाही) तर आतला बराचसा गुंता फिका पडतो आणि केसासारख्या बारीक रेघा उठून दिसतात. हा प्रकाश तापलेल्या वायूचा नाही. धक्कालहरीने जवळजवळ प्रकाशाच्या वेगाला नेलेले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेताना जो प्रकाश टाकतात तो हा, सिंक्रोट्रॉन प्रकाश. १९९५ मध्ये जपानच्या आस्का उपग्रहाने १००६ सालच्या अतिनवताऱ्याच्या (स्फोट होऊन फुटलेल्या ताऱ्याच्या) अवशेषाच्या कडांवर हे पहिल्यांदा स्पष्ट दाखवलं. तिथले इलेक्ट्रॉन १०० टीईव्हीपर्यंत पोचले असले पाहिजेत असा त्याचा अर्थ होता. टीईव्ही म्हणजे एक लाख कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट.

सौ_शाळा

मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. मुलं पहिला प्रश्न विचारतील तो हा : क्ष-किरण तर हाडं सोडून सगळ्यातून आरपार जातात, मग दुर्बिणीच्या आरशावरून ते परत कसे फिरतात? आणि शाळेच्या जुन्या संगणकावर हे चालेल का?

उत्तररात्र

सौ_शाळा ताई, समोरासमोर आदळले तर ते आरशात घुसतात, परत येत नाहीत. पण एखाद-दोन अंशांपेक्षाही कमी कोनात, अगदी घासून गेले तर परावर्तित होतात. चपटा दगड तिरका फेकला की तळ्यावरून टप्पे घेत जातो, तसंच. म्हणून चंद्राचे आरसे थाळीसारखे नसतात. एकात एक बसवलेल्या नळकांड्यांच्या चार जोड्या आहेत, आतून इरिडियमचा मुलामा दिलेल्या, आणि किरण त्यांच्या भिंतींना घासून साधारण १० मीटर मागे एकवटतात. भिंत इतकी गुळगुळीत लागते की चंद्राची अर्ध्या विकलेची (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) स्पष्टता त्यानंतरच्या कुठल्याही क्ष-किरण दुर्बिणीला अजून गाठता आलेली नाही.

आपल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या एसएक्सटी या क्ष-किरण दुर्बिणीत याच तत्त्वावर सोन्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची पातळ पानं आहेत. ती मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) तयार झाली, हे मुलांना जरूर सांगा. तिची स्पष्टता दोनेक कलांची (कला म्हणजे ६० विकला), आणि कॅस-ए पुरता पाच कलांचा, त्यामुळे धागेदोरे वेगळे दिसत नाहीत. वर्णपट, म्हणजे कुठल्या ऊर्जेचे किती फोटॉन, तो मात्र चांगला मिळतो.

जुन्या संगणकाचं म्हणाल तर डीएस९ हलका प्रोग्राम आहे, चालायला हरकत नाही. एका वेळी एकच फाइल उघडा. इन्स्टॉल करायची अडचण असेल तर त्याचाच भाऊ जेएस९ ब्राउझरमध्येच चालतो.

ट्रॉम्बे_लोकल

छान धागा. 'उच्च ऊर्जा' म्हटल्यावर क्ष-किरणांवर थांबू नये, म्हणून थोडी भर घालतो.

टीईव्ही ऊर्जेच्या गॅमा किरणांना (क्ष-किरणांहूनही कितीतरी जास्त ऊर्जेच्या) उपग्रह पुरत नाही. का, ते आकड्यांत बघा. क्रॅब तेजोमेघ (हाही फुटलेल्या ताऱ्याचाच अवशेष) हा या ऊर्जेतला आकाशातला सर्वांत तेजस्वी स्थिर स्रोतांपैकी एक. त्याचे १ टीईव्हीच्या वरचे फोटॉन एका चौरस मीटरवर वर्षभरात सहा-सातच पडतात. उपग्रहावर साधारण तेवढ्याच क्षेत्रफळाचं उपकरण मावतं. मग वातावरणालाच उपकरण करायचं. गॅमा फोटॉन वर हवेत शिरला की इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (त्याचा धनभारित जोडीदार) यांची जोडी, तिच्यातून पुन्हा गॅमा, त्यातून पुन्हा जोड्या, असा वर्षाव सुरू होतो. साधारण १० किलोमीटर उंचीवर तो भरात येतो. हे कण हवेतल्या प्रकाशाच्या वेगापेक्षा जास्त वेगात असतात, म्हणून निळसर चेरेन्कोव्ह प्रकाश पडतो. जमिनीवर त्याचं वर्तुळ साधारण १२० मीटर त्रिज्येचं, पण टिकतो काही नॅनोसेकंदच. त्या वर्तुळात कुठेही दुर्बीण असली तरी तिला तो वर्षाव दिसतो. एक चौरस मीटरच्या जागी ४० हजारांहून जास्त चौरस मीटर मिळाले, म्हणजे क्रॅबचा फोटॉन वर्षातून सहा-सात वेळा येत होता तो आता मिनिटा-दोन मिनिटांनी एखादा येणार.

असा क्रॅब पहिल्यांदा पकडला १९८९ मध्ये, ॲरिझोनातल्या १० मीटरच्या व्हिपल दुर्बिणीने. आपल्याकडे लडाखमध्ये हानले इथे भाभा अणुसंशोधन केंद्राची (बीएआरसी) मेस ही अशीच दुर्बीण आहे. २१ मीटर व्यासाची, साधारण ४३०० मीटर उंचीवर. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये तिचं उद्घाटन झालं. कॅमेऱ्यात १०८८ फोटोमल्टिप्लायर नळ्या आहेत. त्याआधीच्या अशाच दुर्बिणी म्हणजे टीआयएफआर आणि भारतीय खगोलभौतिकी संस्थेची (आयआयए) हगार, माउंट अबूला बीएआरसीची टॅक्टिक. क्रॅब या सगळ्यांनी आधी बघितला, कारण उपकरण बरोबर चालतंय की नाही हे त्याच्यावरच तपासतात. इतर स्रोतांचं तेजसुद्धा 'इतके क्रॅब' असंच सांगतात.

कणाद_२

ट्रॉम्बे_लोकल यांच्या प्रतिसादाला पूरक : क्रॅबला 'स्थिर' म्हणणं २०१० पासून जपून करावं लागतं. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये अजाइल आणि फर्मी उपग्रहांना त्यात गॅमा किरणांचा भडका दिसला, काही दिवसांचा. २०११ मध्ये त्याहून मोठा. क्ष-किरणांतही २००८ ते २०१० या काळात तो सुमारे ७ टक्क्यांनी मंदावला होता. शिवाय क्रॅब आणि कॅस-ए एका माळेत बसवू नयेत. क्रॅबची ऊर्जा मधल्या पल्सारकडून, म्हणजे गरगर फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याकडून येते, जो सेकंदाला ३० वेळा फिरतो. कॅस-एचं तेज स्फोटाच्या धक्क्याचं.

पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. अशा चर्चेत लगेच 'विश्वकिरण (अवकाशातून पृथ्वीवर येणारे अतिवेगवान कण) अतिनवताऱ्यांतून येतात हे सिद्ध झालं' असं वाक्य येतं. बाडे आणि झ्विकी या खगोलशास्त्रज्ञांनी १९३४ मध्ये कल्पना मांडली, ती आकर्षक आहे, ऊर्जेचा ताळेबंदही जमतो : आकाशगंगेत शतकात दोन-तीन स्फोट, प्रत्येकाची साधारण १० टक्के ऊर्जा कणांना मिळाली तर पुरतं. पण विश्वकिरण मुख्यतः प्रोटॉन आहेत, आणि उत्तररात्र यांनी दाखवलेली निळी किनार इलेक्ट्रॉनची आहे. इलेक्ट्रॉन दिसले म्हणून प्रोटॉन मानायचे का?

उत्तररात्र

कणाद_२, बरोबर जागी बोट ठेवलंत. प्रोटॉनची स्वतःची खूण मात्र सापडली आहे. वेगवान प्रोटॉन वायूवर आदळला की पायॉन नावाचा अल्पजीवी कण तयार होतो, त्यातला विद्युतभार नसलेला पायॉन मोडून दोन गॅमा फोटॉन देतो. पायॉनचं वस्तुमान ठरलेलं असल्यामुळे वर्णपट साधारण २०० दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टच्या खाली झपकन उतरतो. इलेक्ट्रॉनांनी तसा उतार सहज होत नाही. फर्मीच्या चार वर्षांच्या निरीक्षणांतून २०१३ मध्ये हा उतार दोन अवशेषांत मिळाला : मिथुनेतला आयसी ४४३ आणि गरुडातला डब्ल्यू४४. दोन्ही वयस्कर, दोन्ही दाट वायूच्या ढगांना भिडलेले, म्हणजे प्रोटॉनला आदळायला भरपूर माल. अतिनवताऱ्याचे अवशेष प्रोटॉनना वेग देतात, एवढं मी सिद्ध झालेलं मानतो.

कणाद_२

तेवढं मीही मानतो. पण किती वेग? विश्वकिरणांचा वर्णपट साधारण ३ पीईव्हीपर्यंत सलग जातो आणि मग वाकतो. आपल्याच आकाशगंगेत पीईव्हीपर्यंत नेणारं काहीतरी असलं पाहिजे. पीईव्ही म्हणजे हजार टीईव्ही, आणि प्रोटॉनच्या ऊर्जेचा साधारण दहावा भाग गॅमाला मिळतो. म्हणजे १०० टीईव्हीचे गॅमा दिसायला हवेत. तुमचा कॅस-ए तरुण, जोमदार, त्याच्याकडून अपेक्षा सर्वांत जास्त. २०१७ मध्ये कॅनरी बेटांवरच्या मॅजिक दुर्बिणींनी बघितलं तर त्याचा वर्णपट साधारण ३.५ टीईव्हीलाच खाली वळतो. आज तरी तो प्रोटॉनना पीईव्हीच्या जवळपासही नेत नाही. आणि ओळख पक्की असलेल्या स्रोतातून पीईव्हीचा गॅमा फोटॉन दिसला तो चीनच्या ल्हासो प्रयोगाला, क्रॅबमधून, १.१ पीईव्हीचा. म्हणजे पल्सारवाल्याकडून, धक्कालहरवाल्याकडून नाही.

उत्तररात्र

३.५ टीईव्हीचा निकाल मला मान्य आहे आणि तो महत्त्वाचा आहे. माझं म्हणणं 'आज तरी' या तुमच्याच शब्दांवर आहे. कॅस-एला साडेतीनशे वर्षं होत आली. धक्कालहर सर्वांत वेगवान आणि भोवतालचा वायू सर्वांत दाट असतो तो स्फोटानंतरच्या सुरुवातीच्या काळात. पीईव्हीचे प्रोटॉन तेव्हाच तयार होऊन निसटून गेले असतील, तर आज अवशेषात त्यांची खूण उरणार नाही. शोधायचीच असेल तर आसपासच्या वायूच्या ढगांत शोधावी लागेल.

वृश्चिकेतला आरएक्स जे१७१३ हा अवशेष याच भांडणाचं दुसरं घर. नामिबियातल्या हेस दुर्बिणींनी २००४ मध्ये त्याचं कवच गॅमा किरणांत आकारासकट दाखवलं. त्यातला प्रकाश इलेक्ट्रॉनांचा की प्रोटॉनचा यावर तेव्हापासून वाद चालू आहे. २००७ मध्ये चंद्राने दाखवलं की त्याच्या क्ष-किरण कडेवरचे काही ठिपके वर्षभरात उजळतात आणि विझतात. इतक्या लवकर विझायचं तर तिथलं चुंबकीय क्षेत्र आजूबाजूच्या अवकाशापेक्षा शेकडो पटींनी प्रबळ हवं. हे कशामुळे झालं? वेगवान प्रोटॉन स्वतःच चुंबकीय क्षेत्र पिळून वाढवतात, हे आजचं सर्वांत पटणारं उत्तर आहे. पुरावा अप्रत्यक्ष आहे, पण मला तो वजनदार वाटतो.

खोडदकर

रेडिओकडूनही एक ओळ. नारायणगावजवळच्या आमच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीतून हेच अवशेष कमी वारंवारतेत बघतात. तिथे दिसतात तेही इलेक्ट्रॉनच, पण कितीतरी कमी ऊर्जेचे. दोन्ही नकाशे शेजारी ठेवले की कळतं, रेडिओत जाड दिसणारं कवच कठोर (जास्त ऊर्जेच्या) क्ष-किरणांत बारीक रेघ होतं. जास्त ऊर्जेचे इलेक्ट्रॉन लवकर विझतात, धक्कालहरीपासून लांब जाईपर्यंत टिकतच नाहीत.

माळरान

अवांतर : कॅस-ए साध्या दुर्बिणीतून दिसेल का? माझ्याकडे ६ इंची आहे.

उत्तररात्र

कॅस-ए नाही दिसणार. क्रॅब दिसेल. थंडीत, अमावस्येच्या आसपास, गावाबाहेर जाऊन वृषभेच्या दक्षिणेकडच्या शिंगाच्या टोकाचा तारा धरा, त्याच्या जवळच फिकट लांबट डाग आहे. हाच तो १०५४ मध्ये चिनी निरीक्षकांना २३ दिवस भरदिवसा दिसलेला तारा. त्याच्याच कठोर क्ष-किरणांचं ध्रुवीकरण (लहरी कुठल्या दिशेत थरथरतात ते) ॲस्ट्रोसॅटच्या सीझेडटीआय उपकरणाने मोजलं. उपकरण टीआयएफआरचं, त्याचं कामकाज पुण्याच्या आयुकातून चालतं. पल्सारच्या एका फेरीत, म्हणजे ३३ मिलिसेकंदांत, ध्रुवीकरण बदलत जातं, आणि दोन स्पंदांच्या मधल्या शांत टप्प्यातही बदलतं, जे अपेक्षित नव्हतं. दुर्बिणीला डोळा लावाल तेव्हा हे आठवा.

रानवारा

११४ क्रमांकाची फाइल उतरवली आणि काल रात्री बसलो. आधी सगळ्या ऊर्जा एकत्र ठेवून बघितलं, ओळखीचं वर्तुळ आलं. मग बिनिंगच्या खिडकीत १७५० ते १९५० अशी चाळणी लावली. सिलिकॉन. डावीकडे वर वर्तुळ फोडून बाहेर गेलेला एक फवारा दिसतो. नंतर ६४०० ते ६९००. फोटॉन फार कमी, नुसती ठिपक्यांची रांगोळी, म्हणून स्मूथ केलं. तर डावीकडे खालच्या बाजूला लोखंड सिलिकॉनच्याही बाहेर दिसतंय. हे बरोबर आहे का? लोखंड ताऱ्याच्या गाभ्यात तयार होतं ना, मग ते सर्वांत आत नको का?

उत्तररात्र

रानवारा, बरोबर आहे, आणि अगदी हीच गोष्ट २००० मध्ये चंद्राच्या पहिल्याच निरीक्षणांतून जगासमोर आली. आग्नेयेला लोखंड सिलिकॉनच्या पुढे गेलेलं आहे. (आकाशाच्या नकाशात पूर्व डावीकडे असते, म्हणून आग्नेय डावीकडे खाली.) तारा कांद्यासारखा थराथराने सुटला नाही, स्फोटात आतला माल वर उसळून थर उलटले.

मात्र एक सावधगिरी. या नकाशात फक्त तापलेलं लोखंड दिसतं. बाहेरच्या वायूवर आदळून जी उलटी धक्कालहर आत शिरते, ती जिथवर पोचली तिथवरचाच माल तापलाय. मधे थंड लोखंड असेल तर ते क्ष-किरणांत गप्प असतं. म्हणून नासाच्या नुस्टार या कठोर क्ष-किरण दुर्बिणीने केलेलं काम मोठं. टायटेनियम-४४ हे स्फोटाच्या गाभ्यात लोखंडाच्या सोबतीने तयार होतं. त्याचं अर्धायुष्य साधारण ६० वर्षं, आणि विघटन होताना ६८ आणि ७८ केईव्हीला (केईव्ही म्हणजे हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट) ठरलेले फोटॉन बाहेर पडतात, मग तो वायू तापलेला असो वा नसो. २०१४ मध्ये नुस्टारने त्याचा नकाशा दिला. टायटेनियम वाकडंतिकडं, गोळ्यागोळ्यांनी विखुरलेलं, बरंचसं आतल्या न तापलेल्या भागात, आणि क्ष-किरणांतल्या लोखंडाशी न जुळणारं. स्फोट गोल नव्हता, आतून हेलकावत झाला, याचा इतका थेट पुरावा दुसऱ्या कुठल्या अवशेषाने दिलेला मला माहीत नाही.

सौ_शाळा

रानवारा यांनी केलं ते आमच्या मुलांना जमेल असं वाटतं. पण मुलांना काहीतरी हलताना दिसलं तर फार रमतील. अवशेष पसरतोय हे दाखवता येईल का?

उत्तररात्र

नक्की येईल, ताई. बाहेरची धक्कालहर सेकंदाला साधारण ५,००० किलोमीटरने धावतेय. ११,००० प्रकाशवर्षांवरून ते वर्षाला ०.३ विकला इतकं दिसतं. चंद्राचा एक पिक्सेल अर्ध्या विकलेचा, म्हणजे पंधरा वर्षांत नऊ-दहा पिक्सेल. डोळ्यांना सहज कळतं.

११४ ची फाइल एका फ्रेममध्ये उघडा, संग्रहातलं पंधराएक वर्षांनंतरचं कॅस-एचं निरीक्षण दुसऱ्या फ्रेममध्ये. दोन्हींना ४२०० ते ६००० ची चाळणी लावा. कमी ऊर्जेत तुलना करू नका, कारण उपकरणाच्या फिल्टरवर वर्षानुवर्षं थर साचत गेलाय, तो कमी ऊर्जेचे फोटॉन खातो आणि नवं चित्र विनाकारण मंद दिसतं. मग फ्रेमच्या मेनूत मॅच, त्यात डब्ल्यूसीएस निवडा, म्हणजे आकाशातले निर्देशांक जुळतील. मधला न्यूट्रॉन तारा दोन्हीत एकाच जागी येतोय ना, ते तपासा. त्याची स्वतःची सरक या मानाने किरकोळ आहे. मग ब्लिंक चालू करा आणि मुलांना मधे न बघता कडेच्या बारीक रेघांकडे बघायला सांगा. निरीक्षणांचा कालावधी वेगवेगळा असेल तर एक चित्र उजळ दिसेल, तेव्हा दोन्हींचा स्केल वेगळा ठेवा. कुठे अडलं तर इथेच लिहा.